सेनापतींनी किटलीला मत दिलं त्याची हकीकत

सेनापतींनी आयुष्यात एकही लढाई लढली नव्हती. लढणाऱ्यांच्या दाढ्या मात्र मनसोक्त केल्या होत्या. तरुणपणी ते सरहद्दीवरच्या छावणीत न्हावी होते. ती नोकरी संपवून गावी परतले, चौकात दुकान थाटलं, आणि गिऱ्हाइकाची मान एकदा हातात आली की छावणीतल्या गोष्टी सुरू. तोफ कशी उडते, कर्नलला ढेकूण कसे चावतात, शिपाई कुठल्या शिवीनंतर कुठली शिवी देतात. शेवटी एक जण वैतागून म्हणाला, "सेनापती, तुमचं सैन्य जरा बाजूला घ्या आणि माझा हा डावा कल्ला तेवढा सारखा करा." झालं. नाव चिकटलं ते चिकटलंच. बायकोला लोक सेनापतीणबाई म्हणू लागले, आणि खरं सांगायचं तर हुकूम सोडायचं काम त्या घरात पहिल्यापासून बाईंकडेच होतं.

दुकानात खुर्च्या दोन, आरसे दोन. एका आरशात माणूस लांबट दिसे, दुसऱ्यात रुंद. सेनापती गिऱ्हाईक बघून खुर्ची देत. जाड्याला लांबट आरसा, काटकुळ्याला रुंद. सगळे खूश होऊन बाहेर पडत आणि घरच्या आरशाला नावं ठेवत.

इथवर सगळं ठीक. भानगड होती ती त्यांच्या उजव्या हाताची. हातात वस्तरा असताना सेनापती खोटं बोलले की तो हात थरथरे. रिकाम्या हाताने ते तुमच्या-आमच्याइतकंच खोटं बोलत, उलट जरा जास्तच सफाईने. पण वस्तरा उघडला की संपलं. लग्न ठरलेल्या एका बँकेतल्या कारकुनाने विचारलं, "माझे केस विरळ तर नाही ना झाले?" सेनापती म्हणाले, "छे हो, दाट आहेत की!" आणि कारकुनाच्या कानाच्या पाळीला टचकन रक्त आलं. तेव्हापासून चौकात कुणाच्या हनुवटीला कापसाचा बोळा दिसला की लोक हसत, "ह्याने सेनापतींना काय विचारलं असेल बरं?" घरी तर सेनापतीणबाई संशय आला की वस्तराच आणून हातात देत. "हा धरा, आणि आता सांगा. पत्ते कुटायला गेला होता की नव्हता?"

गावात पक्ष दोनच, शिडी आणि किटली. मतपत्रिकेवर तीच चित्रं. सेनापती पक्के शिडीवाले, म्हणजे सासरे शिडीचे म्हणून तेही शिडीचे. सासरेबुवा पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा किटलीवाल्यांनी आवई उठवली की म्हाताऱ्याला त्याचा सख्खा जावईसुद्धा मत देणार नाही. म्हातारा वस्ताद. मतदानाच्या सकाळी त्याने दुकानातली खुर्ची पायरीवर आणवली, भर चौकात तोंडाला फेस लावून घेतला, आणि वस्तरा नेमका गळ्यावर आला तेव्हा गर्जून विचारलं, "जावईबापू, मत कुणाला?"

"शिडीला!" सेनापती म्हणाले. हात दगडासारखा.

म्हातारा निवडून आला आणि त्या दिवसापासून तो रिवाजच पडून गेला. मतदानाच्या सकाळी शिडीचा उमेदवार चौकात दाढी करून घेणार, वस्तरा गळ्यावर असताना विचारणार, सेनापती उत्तर देणार, टाळ्या पडणार, मग वाजतगाजत सगळे मतदानाला. सासरे गेले, उमेदवार बदलत राहिले, दाढ्या बदलल्या, हात तोच. किटलीवाले म्हणत, आमच्या जाहीरनाम्याला उत्तर देता येतं, त्या हाताला कसं द्यायचं?

अशात शिडीने तिकीट दिलं ते सेनापतींच्या साडूला. सेनापतीणबाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा, फरशांचं दुकान चालवणारा. माणूस गोड, पोट पुढे, आवाज त्याच्याही पुढे. सेनापती त्याला अरे-तुरे करत, कारण त्याची पहिली मिसरूड ह्यांनीच उतरवली होती आणि त्याचं लग्नही ह्यांनीच जुळवलं होतं. निवडणूक होती देशाच्या मोठ्या सभेची. घरात आनंदीआनंद. दोघी बहिणी रोज दुपारी एकमेकींकडे बसत, त्या आता राजधानीत नेसायच्या साड्यांचं बोलू लागल्या.

आणि मग शिडीच्या सर्वोच्च पुढाऱ्याला भाषणात उमाळा आला.

सेनापती दुकानात एका गिऱ्हाइकाला फेस लावत होते, कोपऱ्यात रेडिओ चालू होता. पुढारी सांगत होता, आमचं सरकार आलं की सरहद्दीच्या टेकड्यांवरच्या चौक्या आम्ही उठवू. शेजाऱ्यापुढे मोठं मन दाखवू. सैन्य निम्म्याने कमी करू. टाळ्यांचा कडकडाट झाला. सेनापतींचा ब्रश गालावरून निघाला तो थेट गिऱ्हाइकाच्या कानात.

"अहो, कान कान!"

"हो, कानच," सेनापती म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं.

छावणीच्या सगळ्या गोष्टी त्यांनी गावाला सांगून झाल्या होत्या, एक सोडून. ती फक्त सेनापतीणबाईंना ठाऊक होती. छावणी होती टेकडीच्या पायथ्याशी आणि चौकी वर माथ्यावर. एका वर्षी राजधानीहून हुकूम आला, चौकी रिकामी करा, शेजाऱ्याशी सलोखा चालू आहे. पोरं आनंदाने खाली आली, वर थंडी मरणाची. केस कापायला रांग लावून उभी राहिली, एकमेकांना टपल्या मारत. त्या मोकळ्या चौकीत थोड्याच दिवसांत पलीकडचे येऊन बसले, आणि खालचं गाव त्यांच्या बंदुकीच्या टप्प्यात आलं. मग उलटा हुकूम, चौकी परत घ्या. लढायला जाताना दाढी करून जायची त्या तुकडीची पद्धत होती. त्या सकाळी सेनापतींनी सगळ्यांच्या केल्या. तोंडावर वांगाचे ठिपके असलेलं एक पोरगं होतं. ते म्हणालं, "दादा, येईन ना हो मी परत?" सेनापती म्हणाले, "येशील की." आणि हात थरथरला, आयुष्यात पहिल्यांदा. पोराच्या गालावर रक्त आलं. ते हसलं आणि म्हणालं, "लढाईच्या आधीच रक्त काढलंत होय!"

चौकी परत मिळाली. ते पोरगं पुन्हा रांगेत दिसलं नाही.

सेनापती दुकान बंद करून तडक साडूच्या फरशांच्या दुकानात गेले. साडू एका फरशीवर फडकं मारत होता.

"काय रे, तुझे ते वरचे काय बरळलेत?"

"कुठले वरचे, दादा?"

"किती वरचे आहेत तुला? चौक्या काढणार म्हणे."

"अहो, भाषण होतं ते. भाषणात माणूस बोलतो."

"आणि निवडून आल्यावर?"

"निवडून आल्यावर कशाला बोलेल?"

"ठराव आला तर तुझा हात वर जाणार की खाली राहणार, तेवढं सांग."

साडूने फरशी उलटी केली आणि मागच्या बाजूवरही फडकं मारलं. "सगळ्यांचे वर गेल्यावर माझा एकट्याचा खाली कसा राहील? फोटोत वाईट दिसतं हो ते."

"फोटोत!"

"बरं, फोटो सोडा." साडूने फडकं खाली ठेवलं. "दादा, आपण चार पोरं डोंगरावर गारठवायची, त्यांनी समोरच्या डोंगरावर चार गारठवायची, आणि सगळ्यांनी एकमेकांकडे बघत म्हातारं व्हायचं. कुणीतरी आधी खाली उतरायला नको का? तुम्हीच सांगता ना, वर बोटं काळी पडायची पोरांची?"

हे बोलणं चुकीचं नव्हतं, आणि सेनापतींना जास्त राग त्याचाच आला. ते म्हणाले, "उतरावं ना. दोघांनी मिळून, एकमेकांकडे बघत, एकेक पाऊल उतरावं. आपण एकट्यानेच उतरायचं ह्याला मोठं मन म्हणत नाहीत. जागा करून देणं म्हणतात."

"तुम्ही फार मनावर घेता बुवा," साडू म्हणाला. "पाणी घ्या."

सेनापतींनी पाणी घेतलं नाही. घरी येऊन बायकोला म्हणाले, "ह्या खेपेला मी किटलीला देणार."

सेनापतीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी एक देठ मोडला. "द्या. कोण बघायला येतंय आत?"

"आत नाही कुणी बघत. पण सकाळी चौकात विचारतील त्याचं काय?"

बाईंचा हात थांबला. सगळं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. वस्तरा, साडूचा गळा, गर्दी, आणि टॉवेल धरून बाजूला उभी असलेली आपली बहीण. खोटं बोलावं तर मेहुण्याचा गळा जाणार, खरं बोलावं तर बहीण जाणार. आणि बहीण एकच होती.

"हात मुरगळला म्हणून सांगा."

"कुणाला? लोक म्हणतील, वस्तरा धरा आणि मग सांगा मुरगळलाय का."

"मग शिडीलाच द्या बाई मत. म्हणजे खोटं बोलायलाच नको."

सेनापतींनी खाली पडलेला देठ उचलून ताटात टाकला. मग म्हणाले, "देता येईल. पण ते पोरगं दिसतं गं. मोठं मन आपण दाखवायचं आणि गाल त्याचा कापायचा."

बाईंनी उरलेली भाजी मुकाट्याने निवडली. उठता उठता एवढंच म्हणाल्या, "काय करायचं ते करा. पण त्याला कापू नका. फरशा कसल्याही विकत असला तरी माझ्या बहिणीचा नवरा आहे तो."

आता पक्ष बदलण्यातली खरी अडचण सांगतो. पलीकडच्या बाजूला आधीपासून कोण कोण बसलेलं असतं ते बघितलं की पाय जड होतात. किटलीचा उमेदवार बसगाड्यांचा ठेकेदार होता. लष्करी हिरव्या रंगाचा सदरा घालून फिरायचा आणि कुठे टायर फुटला की ड्रायव्हरच्या मागे लपायचा. गावातला किटलीचा खंदा माणूस म्हणजे समोरचा औषधवाला. सेनापतींशी त्याचं इतकं वाकडं की दाढीसाठी तो पार स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडे जाई. तो खोकल्याच्या औषधात खोकला घालून विकतो, असं सेनापतींचं मत होतं.

तर हा औषधवाला एका सकाळी दुकानाची पायरी चढला आणि रुंद आरशासमोर जाऊन बसला. आधीच रुंद माणूस, आरशात मावेना.

"आमच्यासारख्याची कराल का दाढी?"

"सगळ्यांच्या करतो. बसा लांबट आरशासमोर."

हा आला होता वास काढायला. साडूच्या दुकानातली बाचाबाची फरशा उचलणाऱ्या हमालांनी ऐकली होती, आणि हमालांना खोकला झाला होता. सेनापतींनी फेस लावला, वस्तरा पट्ट्यावर घासला, गालाला लावला.

"चौक्यांचं ऐकलंत ना?" औषधवाला म्हणाला. "आमचा माणूस आला तर चौक्या राखणार. राखणार काय, वाढवणार! नुसत्या वाढवणार नाही, पलीकडे घुसणार!"

"कोण घुसणार?"

"आपण!"

"तुम्ही?"

"म्हणजे आपलं सैन्य हो."

"तुमचा मुलगा जाणार का?"

"त्याला धुळीचा त्रास आहे."

सेनापती वस्तरा पुसत म्हणाले, "डोंगरावर धूळ नसते. बर्फ असतं."

औषधवाल्याने विषय बदलला. वस्तरा हनुवटीखाली आल्याचं बघून त्याने हळूच सोडलं, "मग यंदा सेनापतींचं मत किटलीला म्हणायचं का?"

सेनापतींनी उत्तर दिलं नाही. होही नाही आणि नाहीही नाही. गप्प राहून दाढी पुरी केली, तुरटी फिरवली, टॉवेल झटकला. पण ज्या माणसाने छावणी ते चौक एकही दाढी गप्प राहून केली नव्हती, त्याचं गप्प राहणं म्हणजे दवंडीच. औषधवाला गुळगुळीत तोंडाने बाहेर पडला, आणि दुपारपर्यंत गावात ज्याला त्याला ठाऊक. शिडीवाले म्हणाले अफवा आहे, किटलीवाले म्हणाले बघूच, आणि जे कुणाचेच नव्हते ते म्हणाले मतदानाला लवकर निघायला हवं, पुढे जागा मिळायला पाहिजे.

साडूलाही कळलं. पण आता रिवाज मोडायचा कसा? दाढी रद्द केली तर अफवा खरी ठरणार. बिचारा आदल्या दिवशी आरशासमोर मान वर करून गळा बघत बसला होता, हे त्याच्या बायकोने नंतर आपल्या ताईला सांगितलं, आणि ताईने ते नंतर सगळ्यांना सांगितलं.

मतदानाची सकाळ झाली. चौकात पाय ठेवायला जागा नाही. औषधाच्या दुकानाच्या पायऱ्यांवर किटलीवाले, चौकभर शिडीवाले, वरच्या खिडक्यांतून पोरंबाळं. खुर्ची पायरीवर आली. साडू बसला. त्याची बायको टॉवेल घेऊन बाजूला उभी राहिली, तिच्यामागे सेनापतीणबाई, दोघींच्याही तोंडाला कुलूप. सेनापतींनी फेस लावायला घेतला तो इतका लावला की साडूचे नुसते डोळे उरले.

फेसाच्या आतून कुजबुज आली. "दादा, मी विचारतच नाही. तुम्ही गप्प, मी गप्प. नुसती दाढी उरकू."

"बरं."

डावा गाल झाला. उजवा झाला. ओठावरचं झालं. सेनापती नेहमीपेक्षा हळू चालले होते. पण शेवटी कितीही हळू केलं तरी गळा हा येतोच. त्यांनी साडूची मान मागे टेकवली, वस्तरा टेकला, आणि चौक असा शांत झाला की कुणाच्या तरी पोटातलं गुरगुरणं ऐकू आलं. साडू आभाळाकडे बघत राहिला. विचारलं नाही.

समोरून औषधवाला ओरडला, "अहो, विचारा की! का घशाला कोरड पडली?"

किटलीवाले फिदीफिदी हसले. झालं, शिडीवाल्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांच्यातलेच गडी ओरडू लागले, "विचारा, विचारा! होऊन जाऊ दे!"

साडूच्या गळ्याची घाटी पात्याखालून वर गेली आणि खाली आली. ओठ न हलवता तो म्हणाला, "दादा, खोटं बोला. कापलं तरी चालेल."

"काय?"

"थोडंसं कापा. बाजूला. मी हलणार नाही."

सेनापतींनी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यभर लोकांनी त्या खुर्चीत बसून त्यांना नको नको ते विचारलं होतं, पण मला काप म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. एक सांगतो, त्या क्षणी साडू त्यांना जितका आवडला तितका कधीच आवडला नव्हता. काम तेवढं अवघड झालं.

साडूने डोळे मिटले आणि गर्जून विचारलं, "दादा, मत कुणाला?"

"किटलीला," सेनापती म्हणाले.

हात एवढासुद्धा हलला नाही. मेहुणीच्या हातातला टॉवेल पडला. औषधाच्या दुकानासमोर आरोळी उठली, टोप्या उडाल्या, औषधवाल्याने शेजारच्याला मिठी मारली. सेनापतींनी मान न वळवता आवाज चढवला, "गप्प बसा रे! गळा अर्धा व्हायचाय अजून!"

उरलेला अर्धा गळाही झाला. वस्तरा पुसून मिटला. मग ते गर्दीकडे वळले. हात आता रिकामा होता, पण खोटं बोलायची इच्छा नव्हती. "हा माझा साडू आहे. माणूस चांगला आहे. फरशा जरा तकलादू देतो, पण माणूस चांगला आहे. नगरपालिकेचं मत असतं तर डोळे मिटून ह्याला दिलं असतं. शिडीला मी जन्मभर दिलं, पुढेही देईन. पण यंदा चौक्यांचं आहे. चौकी उठवणाऱ्याला माझं मत नाही, मग तो माझा सख्खा भाऊ असो." मग औषधवाल्याकडे बोट करून म्हणाले, "आणि तुम्ही नाचू नका. तुमच्या पंगतीला मी बसायचा नाही."

बोलून ते मोकळे झाले. वाटलं, आता साडू उठून निघून जाईल, नाहीतर दोन शब्द सुनावेल. दोन्हीची तयारी होती. साडू उठला. खाली पडलेला टॉवेल उचलला, झटकला, तोंड पुसलं. आणि दोन्ही हात वर करून गर्दीला म्हणाला,

"ऐकलंत? गळ्यावर उघडा वस्तरा! वस्तरा कुणाच्या हातात? विरोधी मतदाराच्या! आणि मी हललो का? सांगा, हललो का?"

"नाही!" शिडीवाले ओरडले. त्यांना काहीतरी ओरडायला हवंच होतं.

"मला सुरक्षा शिकवतात! अहो, किटलीच्या उमेदवाराने ह्या खुर्चीत येऊन बसून दाखवावं! टायर फुटला तर गाडीत सापडत नाही तो!"

चौक हसून लोळला. किटलीवालेसुद्धा हसले, कारण टायरची गोष्ट त्यांनीच पसरवली होती. लोकांनी साडूला खांद्यावर घेतलं आणि वाजतगाजत मतदानाला नेलं. सेनापती रिकाम्या हाताने पायरीवर तसेच उभे. एवढी जिवावर उदार होऊन केलेली फितुरी, आणि ह्या गड्याने ती भर चौकात स्वतःच्या पायाखाली फरशीसारखी बसवून टाकली.

मग तेही जाऊन किटलीवर शिक्का मारून आले. परतताना बायकोला विचारलं, "तू कुणाला दिलंस?"

"मला कधी चौकात विचारलंय कुणी?" सेनापतीणबाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला विचारता?"

साडू निवडून आला, तोही दणक्यात. गावात सगळे म्हणाले, गळ्याने निवडून आणलं. औषधवाला तणतणत दुकानात आला. "काय हो सेनापती, मत आम्हाला दिलंत आणि निवडणूक त्यांना!"

"मी मत देणार म्हणालो होतो," सेनापती म्हणाले. "निवडून आणतो म्हणालो नव्हतो. बसताय का?"

औषधवाला बसला नाही. स्टेशनाजवळच्या न्हाव्याकडे गेला.

पण घरात सुतक आल्यासारखं झालं. मेहुणी दुपारची यायची बंद झाली. सेनापतीणबाई एकट्याच बसत, दाराकडे बघत, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी जरा जास्तच जोरात ठेवत. सेनापतींना त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत, सगळं भांड्यांनीच सांगितलं. साडूही दुकानाकडे फिरकला नाही. त्याने दाढी वाढवली आहे आणि ती त्याला अजिबात शोभत नाही, अशी बातमी आली.

राजधानीहून पहिल्या बैठकीचं बोलावणं आलं, त्याच्या थोडं आधी एका दुपारी दार वाजलं. दारात साडू, दाढी खरंच वाईट दिसत होती. मागे मेहुणी, भिंतीकडे बघत.

"ठराव येतोय," साडू उभ्या उभ्या म्हणाला. "चौक्यांचा."

"मग?"

"मग काही नाही. हात वर करायचा की खाली ठेवायचा ते माझं मी बघीन. तुम्ही शिकवू नका." तो जरा अडखळला. "पण कशासाठी हात हलवतोय ते तरी बघू दे म्हटलं. ती तुमची टेकडी. मला परवाना मिळतो आता, कुठेही जायचा. घेऊन चला मला."

सेनापतींनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "चढ आहे. पोट घरी ठेवून यावं लागेल."

भिंतीकडे बघणारी मेहुणी फिसकन हसली. हसल्यावर पुन्हा रागावणं अवघड असतं. तिने प्रयत्न केला, पण तोवर ताईने तिचा हात धरून तिला आत ओढलंही होतं. "ये गं, ह्यांचे गरम कपडे काढायचेत. तुझ्या नवऱ्याला काही आहे का अंगात घालायला, का तो आवाजानेच ऊब घेतो?" आणि आतून दोघींचं बोलणं सुरू झालं ते जेवायची वेळ झाली तरी थांबलं नाही.

दोघे साडू गेले. आधी बस, मग जीप, मग पायवाट. पायथ्याची छावणी आता पक्क्या भिंतींची झाली होती. एक शिपाई वाट दाखवायला पुढे होता आणि मधूनमधून थांबून सभासदसाहेब आहेत का पडले ते बघत होता. पहिलं मोठं वळण आलं आणि साडू एका दगडावर मटकन बसला. घाम पुसला, बाटली उलटी केली, वर माथ्याकडे बघितलं. तिथून माथा दिसत नव्हता, नुसता चढ दिसत होता.

"बस जरा," सेनापती म्हणाले. तेही धापा टाकत होते, पण तोंड फिरवून. "चौकी परत घ्यायला निघालेली पोरं ह्याच वळणापर्यंत दिसत होती खालून."

साडूने मान वळवून खालच्या छावणीकडे बघितलं. वारा सुटला होता. मग म्हणाला, "वर कसं आहे हो, दादा? म्हणजे चौकीतून काय काय दिसतं?"

"मला काय विचारतोस? मी कधी वर गेलोच नाही."

"काय?"

"न्हाव्याला कोण नेतंय वर? मी आपला खाली, खुर्चीपाशी."

साडू दगडावरून अर्धा उठला. "म्हणजे एवढं रामायण केलंत, भर चौकात माझी इज्जत काढलीत, आणि वर काय आहे ते तुम्हाला ठाऊकच नाही?"

"नाहीच ना ठाऊक," सेनापती म्हणाले. "खाली बसलेल्याला वरचं काही दिसत नाही. म्हणून तर कुणालातरी वर बसवावं लागतं. ऊठ आता, तो शिपाई हसतोय आपल्याला."

साडू कण्हत उठला. सेनापतींनी हात पुढे केला, तो त्याने झिडकारला, आणि दोन पावलं गेल्यावर स्वतःच मागे वळून धरला.